पाच हजारांत इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल: सोलापुरात सुरुवात करणाऱ्यांसाठी

नव्याने इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा पहिल्या महिन्यातच विचारतो, "स्कोप कुठला घेऊ?" स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, व्होल्टेज कसा बदलतो ते पडद्यावर लाटेसारखं दाखवणारा. माझं उत्तर: सध्या कुठलाच नको. खिशात पाच हजार असतील तर आधी दोन मल्टिमीटर आणि करंट अडवणारा पॉवर सप्लाय घ्या. सुरुवातीच्या सर्किटांतल्या चुका म्हणजे उलटी जोडलेली पिन, कच्चं सोल्डर, ब्रेडबोर्डमधली सैल वायर, कमी पडलेला व्होल्टेज. त्या मीटरवर सापडतात. आणि सप्लायने वेळेवर हात आखडता घेतला नाही म्हणून जळालेला आयसी कितीही महागडा स्कोप आणला तरी परत येत नाही.

किमती साधारण धरा. दुकान बदललं की शंभर-दोनशेचा फरक पडतोच.

मीटरपासून सुरू करू. पिवळा डीटी ८३०डी इलेक्ट्रिकलच्या जवळपास प्रत्येक दुकानात टांगलेला असतो, २०० रुपयांच्या आसपास. तो टाकाऊ नाही, पण एक गोष्ट त्याच्या डब्यावर ठळक लिहिलेली नसते: व्होल्टेज मोजताना त्याचा स्वतःचा रोध साधारण १ मेगाओहम असतो. हजार-बाराशेच्या ऑटोरेंज, म्हणजे रेंज आपोआप निवडणाऱ्या मीटरचा १० मेगाओहम असतो. याने काय बिघडतं ते घरीच पाहता येतं. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा आणि दोन टोकांना ९ व्होल्टची बॅटरी लावा. मधल्या जोडावर ४.५ व्होल्ट असायला हवेत. १० मेगाओहमचा मीटर ४.३ च्या जवळ दाखवेल. डीटी ८३० सरळ ३ व्होल्ट दाखवेल, कारण खालच्या रेझिस्टरला समांतर तेवढाच दुसरा रेझिस्टर आपण प्रोबने लावलेला असतो. मीटर खोटं बोलत नाही, त्या क्षणी तिथे खरोखरच ३ व्होल्ट असतात. मीटर लावल्याने सर्किटच बदललेलं असतं. ट्रान्झिस्टरचा बेस, सेन्सरचा डिव्हायडर (असेच सिरीजमधले दोन रेझिस्टर), ऑप-ॲम्पचा इनपुट अशा जागी हा फरक तासन् तास भलत्या दिशेला शोधायला लावतो. हा दोन रेझिस्टरचा प्रयोग दुकानातही करता येतो. बॅटरी आणि जोड खिशात घेऊन जा, दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही.

मुख्य मीटर म्हणून हजार ते दीड हजारांतला ऑटोरेंज घ्या. ४००० किंवा ६००० काउंटचा (स्क्रीनवर साधारण तेवढ्यापर्यंतचा आकडा दाखवणारा), १० मेगाओहम इनपुटचा, कपॅसिटन्स आणि मायक्रोॲम्पिअरची रेंज असलेला. ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या एसी लाटेचंही खरं मूल्य दाखवणारा) असेल तर चांगलंच, पण पहिल्या वर्षात त्याची गरज क्वचित पडते. घेताना ओहमच्या रेंजवर प्रोब एकमेकांना टेकवा. ०.३ ते ०.५ ओहम दिसणं ठीक. वायर हलवली की आकडा नाचत असेल तर प्रोब कच्चे आहेत. छोटा रेझिस्टर मोजताना तो ०.३ वजा करायला विसरू नका. कंटिन्युइटीचा आवाज टेकवल्याबरोबर यायला हवा. अर्ध्या सेकंदाने येणाऱ्या बीपने आयसीच्या पिना तपासणं म्हणजे डोकेदुखी.

पिवळा मीटरही सोबत घ्याच, दुसरा म्हणून. व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी पाहायची गरज पहिल्याच आठवड्यात पडते, आणि एकच मीटर असेल तर प्रोब इकडून तिकडे हलवण्यात चूक होते. ती चूक ठरलेली आहे: लाल प्रोब १० ॲम्पिअरच्या भोकात तसाच राहतो आणि माणूस व्होल्टेज मोजायला जातो. त्या भोकामागे शंट, म्हणजे जवळपास शून्य रोधाचा जाड तारेचा तुकडा असतो, बहुतेक स्वस्त मीटरांत त्याला फ्यूजही नसतो. म्हणजे बॅटरी किंवा सप्लाय थेट शॉर्ट. ९ व्होल्टवर ठिणगी, १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर वितळलेली वायर, २३० व्होल्टवर हातात स्फोट. करंट मोजून झाला की प्रोब व्होल्टच्या भोकात परत लावायचा आणि मगच मीटर खाली ठेवायचा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

याच कारणाने २३० व्होल्टवर स्वस्त मीटर लावू नका, अंगावर १००० व्होल्ट लिहिलेलं असलं तरी. घरातल्या सॉकेटवर मोजायचंच असेल तर कॅट ३ (वायरिंगवर मोजण्याची सुरक्षा श्रेणी), ३०० किंवा ६०० व्होल्ट अशी खरी रेटिंग असलेला, आत जाड सिरॅमिक फ्यूज असलेला मीटर लागतो. १० मेगाओहमच्या मीटरने बंद वायरवर ७०-८० व्होल्ट दिसले म्हणून दचकायचं कारण नाही. शेजारच्या चालू वायरीतून कपॅसिटन्सने आलेला तो भुताटकी व्होल्टेज असतो. पण "भुताटकीच असेल" म्हणून हात लावायचा नाही, हेही तितकंच खरं.

मिलिॲम्पिअर रेंजवर सतत शून्य येत असेल आणि व्होल्टेज नीट दिसत असेल, तर आतला ५ गुणिले २० मिलिमीटरचा काचेचा फ्यूज उडालाय. जितक्या ॲम्पिअरचा होता तितक्याचाच बसवा. वायरचा तुकडा गुंडाळू नका. आणि डीटी ८३० अचानक सगळंच थोडं जास्त दाखवायला लागला तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. बॅटरी ७ व्होल्टच्या खाली गेली की आतला संदर्भ व्होल्टेज घसरतो आणि तुलना बिघडून आकडा वर सरकतो. ५ व्होल्टचा रेग्युलेटर ५.४ देतोय म्हणून चांगला रेग्युलेटर फेकून दिला जातो तो याच कारणाने.

मीटर बरोबर आहे की नाही हे कळायला कॅलिब्रेशन लॅब लागत नाही. टीएल ४३१ नावाचा, ठरावीक व्होल्टेज देणारा तीन पायांचा भाग १० रुपयांच्या आत मिळतो. मधला पाय ॲनोड, तो बॅटरीच्या निगेटिव्हला. उरलेले दोन एकमेकांना जोडा आणि १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ९ व्होल्टच्या पॉझिटिव्हला न्या. दोन्ही बाजूचे पाय जोडलेलेच असल्यामुळे डावा-उजवा गोंधळ होत नाही. जोडापासून निगेटिव्हपर्यंत २.४९५ व्होल्ट मिळतात. नावापुढे बी असेल तर अर्धा टक्का इकडेतिकडे, ए असेल तर एक टक्का. स्वस्त मीटरची अचूकता "०.५ टक्का अधिक २ अंक" अशी लिहिलेली असेल तर बी वाल्या भागावर, २० व्होल्टच्या रेंजवर २.४५ ते २.५४ यातलं काहीही मान्य. याच्या बाहेर गेला तर मीटरवर विश्वास नको. रोधासाठी ०.१ टक्क्याचे १०० ओहम, १० किलोओहम आणि १ मेगाओहमचे तीन रेझिस्टर घेऊन डबीत वेगळे ठेवा. त्यांना सोल्डर लावायचं नाही. सोलापुरात वालचंद आणि शासकीय तंत्रनिकेतन आहे; तिथे शिकणारा कोणी ओळखीचा असेल तर प्रयोगशाळेतल्या बेंच मीटरशी आपला मीटर एकदा ताडून पाहायला सांगा आणि फरक कागदावर लिहून मीटरच्या पाठीला चिकटवा.

काट्याचा जुना मीटर घरात पडलेला असेल तर तोही ठेवा. मोटवाने, ऋषभ ही नाशिकचीच नावं, आपल्याकडच्या कितीतरी टेबलांवर अजून दिसतात. हळूहळू बदलणारा व्होल्टेज काट्यावर जसा समजतो तसा आकड्यांवर समजत नाही. एवढं लक्षात ठेवा, की बहुतेक काट्याच्या मीटरांत ओहमच्या रेंजवर लाल प्रोब निगेटिव्ह असतो, त्यामुळे डायोड उलटा असल्यासारखा वाटतो.

आता सप्लाय. माझ्या मते टेबलावरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. ३० व्होल्ट ५ ॲम्पिअरचा तयार बेंच सप्लाय साडेतीन-चार हजारांपुढे जातो, म्हणजे सगळं बजेट त्यातच संपतं. त्याऐवजी जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर घ्या. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीतून मोडीत निघालेल्या पॅनेलमधला २४ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) भंगारात मिळाला तर तोही चालेल. पुढे एक्सएल ४०१५ चं सीसी-सीव्ही मॉड्यूल (सीसीने करंट आणि सीव्हीने व्होल्टेज ठरवता येतो) लावा, १५० रुपयांच्या आसपास. दोन पॉट (स्क्रूने फिरवायचे बदलते रेझिस्टर) असलेलंच घ्या. एकच पॉट असलेल्या मॉड्यूलमध्ये करंट लिमिट नसतं, आणि आपल्याला हवंय नेमकं तेच. इनपुट जास्तीत जास्त ३६ व्होल्ट. करंट ५ ॲम्पिअर लिहिलेला असतो, पण हीटसिंक न लावता २ च्या पुढे जाऊ नका.

लावायची रीत अशी. आउटपुटला काही न जोडता सीव्हीचा पॉट फिरवून ५.०० व्होल्ट आणा. हे पॉट बरेच फेरे घेणारे असतात. दहा फेरे फिरवूनही काही बदललं नाही तर मॉड्यूल खराब समजू नका, उलट्या दिशेला तेवढंच फिरवून पाहा. मग सीसीचा पॉट उलट दिशेला बराच कमी करा. मीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर ठेवून आउटपुटच्या दोन टोकांना सरळ लावा, म्हणजे मीटरमधून शॉर्ट. आता सीसीचा पॉट हळूहळू वाढवत ०.१० ॲम्पिअरवर थांबा. झालं. पहिल्यांदा चालू करायचं कुठलंही नवीन सर्किट या १०० मिलिॲम्पिअरवर चालू करायचं. आयसी उलटा बसला असेल तर व्होल्टेज कोसळेल, मॉड्यूलवरचा सीसीचा दिवा लागेल, आयसी कोमट होईल आणि बहुतेक वेळा वाचेल. पॉटवर १०३ छापलेलं असेल तर तो १० किलोओहमचा. तेवढ्याच किमतीचे दोन पॅनेल पॉट वायरने बाहेर काढले की रोज स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसावं लागत नाही.

या मॉड्यूलचा एक दोष फारसा कोणी सांगत नाही. त्यातला करंट मोजणारा शंट इनपुट निगेटिव्ह आणि आउटपुट निगेटिव्ह यांच्या मध्ये बसलेला असतो. म्हणजे हे दोन निगेटिव्ह एक नाहीत. तीन पिनच्या लॅपटॉप ॲडॉप्टरचा निगेटिव्ह बऱ्याचदा अर्थिंगला जोडलेला असतो, आणि डेस्कटॉपच्या यूएसबीचा ग्राउंडही अर्थिंगलाच. तुम्ही अर्डुइनो या सप्लायवर चालवला आणि त्याची यूएसबी डेस्कटॉपला लावली, की करंट शंटला वळसा घालून अर्थिंगमधून परत जातो. लिमिट गायब होतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. उपाय साधा: दोन पिनचा ॲडॉप्टर वापरा, किंवा प्रोग्रॅमिंगच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर ठेवा.

एसएमपीएसवर चालणाऱ्या सप्लायला थोडी खरखर असतेच. ऑडिओसाठी किंवा सेन्सरच्या मिलिव्होल्टसाठी ती नको असेल तर एलएम ३१७ या बदलत्या व्होल्टेजच्या रेग्युलेटरवर स्वतःचा सप्लाय बांधा. १५ व्होल्ट १ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन ४००७ डायोड, २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर. बरीच चित्रं त्याच्या आउटपुट आणि ॲडजस्ट या पायांमध्ये २४० ओहम दाखवतात. तिथे १२० घाला. एलएम ३१७ ला ताब्यात राहायला १० मिलिॲम्पिअरपर्यंत करंट लागू शकतो. २४० ओहममधून फक्त ५ जातो, मग लोड नसताना व्होल्टेज वर चढतो. १२० ओहम आणि २ किलोओहमचा पॉट घेतला की हिशेबाने १.२५ ते २२ व्होल्टपर्यंतची सोय होते, पण प्रत्यक्षात वरचं टोक ट्रान्सफॉर्मर ठरवतो. १ ॲम्पिअर ओढला तर २२०० मायक्रोफॅरडवर रिपल, म्हणजे व्होल्टेजची खालीवर, साडेचार व्होल्टची पडते. म्हणून पूर्ण लोडवर १२-१३ च्या वर मागू नका, किंवा कपॅसिटर ४७०० चा घाला. आउटपुटकडून इनपुटकडे एक १एन ४००७ उलटा लावा, नाहीतर सप्लाय बंद केल्यावर बाहेरच्या कपॅसिटरचा करंट आयसीत उलटा शिरतो. पाठीचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो. हीटसिंक डब्याला लागत असेल तर मधे अभ्रक आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुशिंग हवीच.

उष्णतेचा हिशेब सोलापूरकरांनी स्वतः करायला हवा, पुस्तकातला इथे पुरत नाही. आत २० व्होल्ट, बाहेर ५, करंट अर्धा ॲम्पिअर: १५ गुणिले ०.५, म्हणजे ७.५ वॅट नुसती उष्णता. आतल्या चिपपासून पत्र्यापर्यंत साधारण ५ अंश प्रति वॅट, अभ्रक आणि पेस्टचा १, मध्यम हीटसिंकचा ४. मिळून १०. ७.५ वॅटला ७५ अंशांची चढ. खोलीत २५ अंश असतील तर चिप १०० वर, ठीक. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४३ असतात, म्हणजे ११८. मर्यादा १२५ ची. त्यात घराशेजारी माग चालत असतील तर कापसाचा तंतू हीटसिंकच्या फटींत नमद्यासारखा बसतो आणि ४ चे ६ होतात: ४३ अधिक ९०, म्हणजे १३३. मर्यादा ओलांडलीच. याहून आणखी तापला की आयसी स्वतःला बंद करतो, थंड होतो, पुन्हा चालू होतो, आणि समोरचं सर्किट दर मिनिटाला रिसेट होतं. माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. ५ व्होल्टच्या कामासाठी १५ ऐवजी ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की आत साधारण ११ येतात, उष्णता ३ वॅटवर उतरते आणि सगळा प्रश्न मिटतो. हीटसिंक महिन्यातून एकदा कोरड्या रंगाच्या ब्रशने झाडा.

सिरीज बोर्ड (बल्बमधून वीज देणारं सॉकेट) हे टेबलावरचं सगळ्यात स्वस्त उपकरण, दीडशे रुपयांत होतं. टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाकडे असतं. फेजची वायर बल्बच्या होल्डरमधून सॉकेटकडे, न्यूट्रल सरळ. बल्ब तारेचाच हवा. एलईडी किंवा सीएफएल चालत नाही. चार्जरसाठी ४० वॅटचा, टीव्ही आणि ॲम्प्लिफायरसाठी १०० चा. दुरुस्त केलेला एसएमपीएस या सॉकेटवर लावला की बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक, कारण कपॅसिटर भरताना करंट ओढतो. भगभगीत पेटून राहिला तर ब्रिज, मॉसफेट किंवा मोठा कपॅसिटर शॉर्ट आहे. १०० वॅटचा बल्ब करंट ०.४३ ॲम्पिअरच्या आसपास अडवतो, म्हणून काही फुटत नाही. पण बल्ब शॉकपासून वाचवत नाही, हे घरातल्या लहानांनाही सांगून ठेवा. ०.४३ ॲम्पिअर माणसाला मारायला पुरेसा आहे.

हजाराच्या आत मिळणारा एलसीआर-टी४ सारखा कंपोनंट टेस्टर तिसऱ्या महिन्यात घ्या. ट्रान्झिस्टरचे पाय ओळखणं, मॉसफेट जिवंत आहे का पाहणं, आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे कपॅसिटरचा ईएसआर, त्याचा आतला रोध, मोजणं. सेटटॉप बॉक्समधला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साध्या मीटरवर ९४० दाखवतो, म्हणजे चांगला वाटतो. टेस्टर त्याचा ईएसआर २ ओहम दाखवतो, नव्याचा ०.१ च्या आसपास असतो. इथल्या उन्हात हे कपॅसिटर लवकर सुकतात. १० अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. टेस्टर आला की त्याचे तिन्ही पॉइंट वायरने एकत्र जोडून बटण दाबा, तो स्वतःचं कॅलिब्रेशन करतो. मधे वायरी काढायला सांगतो, तेव्हा काढा. भरलेला कपॅसिटर लावला की हा टेस्टर जागीच मरतो. मोठा कपॅसिटर आधी ४.७ किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामा करा, १०० मायक्रोफॅरडला तीन सेकंद पुरतात. मग मीटरने शून्य पाहा, आणि मगच टेस्टरला लावा.

मायक्रोकंट्रोलरचं काम करणाऱ्याला स्कोपच्या आधी लॉजिक ॲनलायझर लागतो, म्हणजे अनेक वायरींवरचे चालू-बंद सिग्नल कॉम्प्युटरवर एकत्र दाखवणारं यंत्र. ८ चॅनेल, २४ मेगाहर्ट्झ, ६०० रुपयांच्या आसपास. सोबत सिग्रॉकचं पल्सव्ह्यू हे सॉफ्टवेअर, फुकट. विंडोजवर झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने विनयूएसबी ड्रायव्हर बसवल्याशिवाय तो दिसत नाही. बहुतेक जण इथेच अडकतात आणि वस्तू परत करतात. इनपुट ५ व्होल्टच्या वर नको. १२ व्होल्टचा सिग्नल पाहायचा तर १० किलोओहम आणि ४.७ किलोओहमचा डिव्हायडर लावा, ३.८ व्होल्ट मिळतात.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे शेतातला मोबाईल स्टार्टर, फोनवरून पंप चालू-बंद करणारा. बोर्ड पॅनेलमधून पूर्ण सोडवून टेबलावर आणायचा. ४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये उभं राहून हे काम करायचं नाही. बोर्डला त्याचा डीसी आपल्या सप्लायवरून द्या. मॉडेमला नेटवर्क शोधताना क्षणभर २ ॲम्पिअरपर्यंत करंट लागतो, म्हणून इथे लिमिट तेवढं वर घ्या. ॲनलायझरचा ग्राउंड बोर्डच्या ग्राउंडला, एक चॅनेल मॉडेमच्या टीएक्सवर (पाठवणारी पिन), दुसरा आरएक्सवर (घेणारी). १ मेगाहर्ट्झवर रेकॉर्ड करा. स्क्रीनवरचा सगळ्यात अरुंद पल्स मोजा: १०४ मायक्रोसेकंद असेल तर बॉड (सेकंदाला जाणारे बिट) ९६००, ८.७ असेल तर ११५२००. तो आकडा पल्सव्ह्यूमधल्या यूएआरटी (सिरियल) डिकोडरला दिला की मॉडेमला जाणाऱ्या एटी कमांड आणि येणारे मेसेज वाचता येतात. मोटर का चालू होत नाही, सिमचं नेटवर्क नाही की मायक्रोकंट्रोलर बोलतच नाही, हे दहा मिनिटांत कळतं. सगळीकडे फ्रेम एरर दिसत असेल तर बॉड चुकलाय. रेकॉर्डिंग मधेच थांबत असेल तर रेट कमी करा किंवा हब काढून केबल सरळ लॅपटॉपला लावा. कचराच दिसत असेल तर बहुतेक वेळा ग्राउंडची वायर निघालेली असते.

आता स्कोप. मीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो, त्यामुळे मिलिसेकंदात होणारी घसरण त्याला दिसतच नाही. ईएसपी ३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वाय-फाय चालू होताना रिसेट होतो, मीटर मात्र ठाम ३.३० दाखवतो. अशा ठिकाणी स्कोपला पर्याय नाही. पाच हजारांतले राहिलेले दीड हजार डीएसओ १३८ च्या किटवर घाला. २०० किलोहर्ट्झ, सेकंदाला १० लाख नमुने, एक चॅनेल. पॉवर ९ व्होल्ट डीसी. १२ चा ॲडॉप्टर लावू नका. सिंगल ट्रिगरवर (घटना घडताच एकदाच पकडून थांबणं) ठेवून ३.३ व्होल्टची लाइन पाहिली की ती घसरण स्पष्ट दिसते. करंटही पाहता येतो: रेग्युलेटरच्या आधी, ५ व्होल्टच्या निगेटिव्ह वायरमध्ये १ ओहमचा रेझिस्टर घाला. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिॲम्पिअर. पाव व्होल्ट गेला तरी रेग्युलेटरला ४.७ उरतात, बोर्ड चालतो. हाच रेझिस्टर ३.३ च्या बाजूला घातला तर बोर्ड रिसेट होईल तो तुमच्या मोजण्यामुळे. आणि त्या वेळी बोर्डची यूएसबी काढलेली हवी, नाहीतर करंट रेझिस्टरला बगल देऊन जातो.

या किटच्या मेमरीत फक्त १०२४ ठिपके मावतात. टाइमबेस (रेषा पडद्यावर आडवी सरकण्याचा वेग) हळू केला की नमुने विरळ होतात आणि १० किलोहर्ट्झची लाट ३-४ हर्ट्झसारखी, अगदी सुंदर आणि अगदी खोटी दिसते. म्हणून नेहमी सगळ्यात वेगवान टाइमबेसवर सुरू करून हळू करत यायचं, उलट नाही. १०० किलोहर्ट्झला एका लाटेत दहाच ठिपके येतात, म्हणून एसएमपीएसच्या आतलं स्विचिंग यावर पाहण्याचा हट्ट नको. एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या बाजूला तर कुठलाच स्कोप लावायचा नाही. अर्थिंगला जोडलेल्या स्कोपची ग्राउंड क्लिप तिथे लागली की शॉर्ट होतो, आणि अर्थिंगची पिन कापली की स्कोपचं अख्खं अंगच जिवंत होतं.

सिग्नल जनरेटर वेगळा घेऊ नका. फोनवरचं टोन जनरेटर ॲप आणि ३.५ मिलिमीटरची केबल २० किलोहर्ट्झपर्यंत पुरते, आणि त्याची फ्रिक्वेन्सी पाचशेच्या किटपेक्षा अचूक असते.

सुट्या भागांसाठी नवी पेठेच्या आसपासची टीव्ही-मोबाईल दुरुस्तीची दुकानं आधी धुंडाळा. रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, बल्बचे होल्डर, फ्यूज इथेच मिळतात. ०.१ टक्क्याचे रेझिस्टर, मॉड्यूल, प्रोब यांची यादी साठवून ठेवा आणि एकदाच पुण्याला तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलं की रात्री परत. घाईचं असेल तर ऑनलाइन.

पुढे मोठ्या स्कोपची गरज वाटली तर नवा दोन चॅनेलचा डीएसओ (डिजिटल स्कोप) वीस हजारांच्या आसपास जातो. त्याआधी कॉलेजांच्या निर्लेखनाच्या यादीवर लक्ष ठेवा. २० किंवा ३० मेगाहर्ट्झचे जुने दोन चॅनेलचे सीआरओ (ट्यूबचे स्कोप) त्यात निघतात, बऱ्याचदा लॉटमध्ये. जागेवर तपासताना पाच मिनिटं तापू द्या. रेषा बारीक आणि स्थिर हवी; इंटेन्सिटी पूर्ण वाढवूनही फिकी असेल तर ट्यूब संपलीय, घेऊ नका. दोन्ही चॅनेल स्वतंत्र पाहा. प्रत्येक नॉब फिरवा. रेषा उड्या मारत असेल तर स्विचचे संपर्क काळे पडलेत, ते कॉन्टॅक्ट क्लीनरने सुटतात आणि तेवढ्यावरून भाव कमी करून मागता येतो. ट्रिगर पकडत नसेल तर मात्र सोडून द्या. आतमध्ये ट्यूबला दोन हजार व्होल्टच्या आसपासचा व्होल्टेज असतो आणि बंद केल्यावरही थोडा वेळ राहतो. झाकण उघडायचं तर प्लग काढून एक दिवस थांबा.

घरी आणल्यावर १०:१ चा प्रोब, म्हणजे सिग्नल दहापट कमी करणारा, समोरच्या कॅलिब्रेटरच्या १ किलोहर्ट्झ चौकोनी लाटेला लावा. वरचे कोपरे गोल दिसले किंवा शिंगासारखे वर आले, तर प्रोबवरचा छोटा ट्रिमर प्लॅस्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवा, कोपरे सपाट होईपर्यंत. चॅनेल बदलला की हे पुन्हा करावं लागतं, कारण प्रत्येक इनपुटचा कपॅसिटन्स थोडा वेगळा असतो.